कमरेला बांधलेलं बी

माझ्या सासूबाईंना लाज नावाची गोष्ट ठाऊकच नाही, असं मी लग्नानंतरची पहिली काही वर्षं माहेरी, ऑफिसात, मैत्रिणींत, जिथं कुणी ऐकून घेईल तिथं सांगत असे. तक्रार अशी, की त्यांच्या वाटणीची लाजसुद्धा मलाच वाहावी लागायची. मी मुळातच लाजरी. हॉटेलात भाजी खारट निघाली तर मी मुकाट्यानं खाऊन पाणी पिते, वेटरला सांगत नाही. आणि माझी गाठ पडली ती भर लग्नमंडपात ओरडणाऱ्या बाईशी.

ते लग्न नवऱ्याच्या चुलतबहिणीचं, बीड बायपासच्या एका मंगल कार्यालयातलं. थंडीचे दिवस. अंतरपाट धरलेला, आम्ही सगळे मुठीत अक्षता घेऊन उभे. एक मंगलाष्टक संपून दुसरं सुरू व्हायच्या आतल्या त्या शांततेत सासूबाईंनी कमरेला हात घातला, साडीत खोचलेली एक छोटी पुरचुंडी काढली, उलगडून डोळ्यांजवळ नेली आणि म्हणाल्या, "फुटलं गं! कारलं फुटलं!"

भटजी थांबले. पुढच्या दोन रांगा वळून बघायला लागल्या. नवरदेवाची आई तर घाबरून आपल्या यजमानांना विचारत होती, काय फुटलं म्हणून. मी हातातल्या अक्षतांकडं बघत राहिले. सासूबाईंनी पुरचुंडी माझ्या नाकाशी धरली. ओल्या फडक्यात काळपट बिया, आणि एकीच्या टोकाला पांढरा ठिपका.

"बघ, नाक भायेर काढलंय."

"आत्या, नंतर बघते," मी पुटपुटले. आमच्याकडं सासूला आत्या म्हणतात.

"नंतर कामून? त्याला म्हाईत हाय व्हय, इथं लगीन चालू हाय म्हणून?"

कारलं, दोडका, भोपळा यांची बी कठीण सालीची. थंडीत मातीत टाकली तर कुजून जाईल, पण उगवायची नाही. म्हणून सासूबाई ती रात्रभर कोमट पाण्यात भिजवायच्या, ओल्या सुती फडक्यात गुंडाळायच्या, फडकं दुधाच्या धुतलेल्या पिशवीत घालायच्या आणि ती पुरचुंडी कमरेला, परकराच्या नाडीपाशी खोचून घरभर फिरायच्या. मटकीला मोड आणायला आपण उबेला ठेवतो, तसंच. पण मटकी आपण स्वयंपाकघरात ठेवतो. ह्या बाई ती घेऊन बँकेत जायच्या, दवाखान्यात जायच्या, शहागंजात कापड घ्यायला जायच्या आणि दुकानदारासमोर गादीवर बसून उघडून बघायच्या. मी एकदा म्हटलं, फ्रीजच्या मागं ऊब असते, तिथं ठेवू या. त्यावर म्हणाल्या, "फ्रीजला काय कळतंय? जरा गरम झालं, जरा गार झालं, त्याचं त्याला सोयरसुतक नाय. अंगाशी असलं की माझ्या मला कळतंय."

सासरे गेले तेव्हा माझा नवरा कॉलेजात होता. पुढं त्याला इथं शहरात नोकरी लागली, कन्नडजवळच्या गावातलं शेत बटईनं दिलं, आणि सासूबाई गारखेड्यात दुसऱ्या मजल्यावरच्या आमच्या फ्लॅटमध्ये राहायला आल्या. येताना त्यांनी कपड्यांची एक पेटी आणली आणि बियांच्या, राखेत घोळलेल्या, चिंध्यांत बांधलेल्या गाठोड्यांची दुसरी. फ्लॅटला अंगण नाही, परस नाही, गॅलरीत दोन माणसं उभी राहिली तर तिसऱ्यानं आत थांबायचं. ह्या बाईंना त्याचं काही वाटलं नाही. मागच्या खोलीला पूर्वेची मोठी खिडकी होती. ती त्यांनी ताब्यात घेतली आणि नंतर हळूहळू सगळं घर.

रोपांसाठी त्यांना कागदी कप लागायचे. विकतचे नाहीत, वापरलेले. "नव्या कपात चहा प्यायचा सोडून माती कामून भरायची?" असा त्यांचा सवाल. तेव्हा ऑफिसातले चहाचे रिकामे कप गोळा करून आणायचं काम माझ्याकडं आलं. मी एका विमा कचेरीत कामाला आहे. चार वाजता चहा झाला की सगळे जागेवर गेल्याची खात्री करून मी डस्टबिनमधले कप उचलायची, वॉश बेसिनवर विसळायची आणि डब्याच्या पिशवीत लपवायची. एकदा साहेब हात धुवायला आले. बेसिनवर कपांची चवड, माझे हात ओले. "मॅडम, प्यूनला सांगा ना," म्हणाले. मी हो म्हटलं. घरी येऊन त्या दिवशी मी सासूबाईंशी बोलले नाही. त्यांच्या ते लक्षातही आलं नाही, कारण आणलेल्या कपांपैकी दोन तळाशी फाटके निघाले होते आणि त्या मलाच बोलत होत्या.

मग ती माती भाजण्याची तऱ्हा. एका वर्षी वांग्याची कोवळी रोपं चांगली बोटभर झाली आणि एका सकाळी बुडाशी बारीक होऊन सगळी आडवी पडली. सासूबाई रडल्या नाहीत, हळहळल्या नाहीत. सगळे कप रिकामे केले, हात साबणानं कोपरापर्यंत धुतले आणि जाहीर केलं, "मातीत रोग हाय. भाजावी लागंल." जुन्या लोखंडी कढईत ओलसर माती, वर झाकण, खाली गॅस. तो वास जिन्यातून वरच्या मजल्यापर्यंत गेला. त्याच वेळी माझ्या दोन मैत्रिणी घरी यायच्या होत्या. त्या आल्या त्या नाकाला रुमाल लावूनच. समोरच्या फ्लॅटमधल्या वहिनी विचारायला आल्या, काही जळतंय का. सासूबाई कढईत उलथनं फिरवत म्हणाल्या, "नाय हो, माती परतायली. बसा, व्हईलच आता." मैत्रिणी एकमेकींकडं बघायला लागल्या. एकीनं मला हळूच विचारलं, त्या खातात का गं? त्या दिवशी मी मनातल्या मनात किती वेळा आमच्या मजल्यावरून खाली उडी मारली, ते मलाच माहीत.

पाणी आमच्या भागात नळाला रोज येत नाही, हे इथल्या माणसाला सांगायला नको. ज्या दिवशी येतं त्या दिवशी घरातलं प्रत्येक भांडं भरतं. त्यातली पोळ्यांची मोठी परात सासूबाई रोपांसाठी उचलायच्या. कपांना बुडाशी भोक, परातीत बोटभर पाणी आणि त्यात सगळे कप उभे. "पाणी पायाला पाजायचं. डोक्यावर वतलं की माना टाकतेत." मग त्याच परातीत मी कणीक भिजवायला घेतली, की काठाला माती. पाहुण्यांपुढं वाढलेल्या पोळीत एकदा दाताखाली कचकच आली. पाहुणे बिचारे काही बोलले नाहीत. मीच सारखी पाणी हवं का, पाणी हवं का, विचारत राहिले.

सकाळी उठून त्या सगळ्यांत आधी कप फिरवायच्या. रोपं खिडकीकडं झुकतात, म्हणून रोज तोंड वळवायचं. मग टेबलफॅन लावायचा. ऐन थंडीत! आम्ही स्वेटर घालून चहा पितोय आणि शेजारी टमाट्याच्या रोपांना वारा चाललाय. आणि मग शेवटी तळहात उघडा करून रोपांच्या शेंड्यांवरून, ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत अलगद फिरवायचा. मला पहिल्यांदा ते फार गोड वाटलं होतं. मी म्हटलंही, "किती माया करता हो आत्या."

"माया न्हवं, धपाटे हायेत ते," त्या म्हणाल्या. "घरात वारं कोण दाखवणार ह्यास्नी? हलवल्याबिगर खोड जाड व्हत नाय. नुसती उंच व्हतील अन् भायेर नेली की मोडतील."

रोप दिलं की त्यांचा त्यावरचा हक्क सुटायचा नाही. आमच्या डॉक्टरांना त्यांनी मिरचीचं रोप दिलं होतं. पुढच्या खेपेला डॉक्टर त्यांच्या दंडाला ब्लडप्रेशरचा पट्टा गुंडाळत होते, तर ह्या विचारतात, "मिरची कशी हाय?" डॉक्टर गोंधळले. मग आठवून म्हणाले, "वाळली हो आजी." सासूबाईंनी दंडाचा पट्टा स्वतःच काढला, उठल्या आणि म्हणाल्या, "एक मिरची सांभाळता येईना, अन् मी तुमच्यापुढं बसू?" बाहेर बाकावर बसलेले सगळे पेशंट हसत होते. मी फी दिली आणि त्यांच्या मागून मान खाली घालून बाहेर पडले. त्या दवाखान्यात मी परत कधी गेले नाही.

अशी ही बाई. कुणाला भ्यायची नाही, कुणापुढं गप्प बसायची नाही. पण संक्रांत आली की मागच्या खोलीत जाऊन दार ओढून घ्यायची.

हळदीकुंकवाच्या दिवशी त्यांना कुणी आत जा म्हणत नव्हतं. उलट मी आणि नवऱ्यानं किती वेळा सांगितलं, की बाहेर बसा, आता असं कोणी मानत नाही. त्यावर वाद घातला नाही त्यांनी. वाद घातला असता तर मला बरं वाटलं असतं. नुसतं म्हणायच्या, "तुमचं चालू द्या. मला आत कामं हायेत." आवाज इतका बारीक, की ह्याच का त्या, असं वाटावं. रिकाम्या कपाळावरून पदर पुढं ओढायच्या आणि आत जायच्या. बायका येऊन जाईपर्यंत आतून भांड्याचाही आवाज यायचा नाही.

एका वर्षी दिवाळीत माझ्या बाबांना हृदयविकाराचा झटका आला. त्यांना पैठणहून इथल्या दवाखान्यात आणलं. आई तेवढे दिवस आमच्याकडं राहिली, सासूबाईंच्या खोलीत, त्यांच्या शेजारी गादी टाकून. सासूबाई तिला बळेच जेवायला घालायच्या, तिचे पाय चेपून द्यायच्या. आई माझ्यासारखीच भिडस्त, पण त्यांच्यापाशी ती बोलती झाली. बाबांना आता तेल-तिखट बंद. जेवताना तोंड वाकडं करतात, दोडक्याची भाजी तेवढी आवडीनं खातात, अंगणात मांडव आहे पण औंदा वेलच लावला नाही, असं सगळं ती सांगत होती.

"दोडक्याचं बी हाय माझ्यापाशी, गावाकडचं," सासूबाई म्हणाल्या. "संक्रांतीला या. रोप तयार ठेवते. पेशंटला चांगला असतो दोडका."

आणि त्यांनी ते खरंच कमरेला बांधलं. एरवी एका पुरचुंडीत सगळं सरमिसळ असायचं. ह्या खेपेला दोडक्याची वेगळी पुरचुंडी. मोड आला तेव्हा मला हाक मारून दाखवला, पण ओरडून नाही. "तुझ्या बाबाचं फुटलं बघ," असं म्हणाल्या.

त्या वर्षीच्या वाणावरून मात्र आमचं वाजलं. मी गुलमंडीतून छानशा प्लॅस्टिकच्या परड्या आणायचं ठरवलं होतं. सासूबाई म्हणाल्या, "रोपं लूट. एवढे कप तयार हायेत. परडीला काय पालवी फुटणार हाय का?" बायका काय म्हणतील? वापरलेल्या चहाच्या कपात माती, हे वाण? पण नवरा आपल्या आईच्या बाजूनं बोलला आणि बोलून वर गच्चीत निघून गेला. शेवटी ठरलं ते असं, की रोपं मागच्या खोलीतच राहतील, सासूबाई दाराआड बसतील, आणि मी एकेक कप बाहेर आणून देईन.

रविवार होता. सोसायटीतल्या बायका आल्या, ऑफिसातल्या चौघी-पाचजणी आल्या, सकाळच्या एसटीनं आई आली. मी पहिल्या बाईला हळदीकुंकू लावलं, तिळगूळ दिला आणि हातात कप ठेवला. "कशाचं गं हे?" तिनं विचारलं. मला काय माहीत! मला सगळे कप सारखेच दिसत होते. तेवढ्यात बंद दारामागून आवाज आला, "टमाटं हाय! डोक्यावर पाणी घालू नका म्हणावं!"

सगळ्या हसल्या. दुसरीनं मुद्दाम मोठ्यानं विचारलं, "आणि माझं हो काकू?" "पान कसं हाय, लांबट का गोल?" मग दारापलीकडून उत्तरं यायला लागली आणि अलीकडून प्रश्न. समोरच्या वहिनींना राहवेना. "काकू, आत बसून काय सांगताय, दाखवा तरी," म्हणत त्यांनी दार उघडलं आणि त्यांच्यामागं सगळ्याजणी आत शिरल्या.

सासूबाई गडबडून उभ्या राहिल्या. पदर कपाळाखाली आला. "अगं माय, इकडं कामून आल्या सगळ्या? भायेर बसा, कुंकू घ्या." पण एका बाईनं कप उचलताना रोपाला खोडापाशी धरलं, आणि त्या सगळं विसरल्या. "खोडाला हात नाय लावायचा! आन इकडं!" मग कप त्यांच्या हातात आला आणि त्या एकेकीला समजावून, ऊन किती, पाणी किती, सांगत देत गेल्या. बायकांनी वाण पदरात घेतात तसं पदर पुढं करून कप घेतले. खोलीत नुसता कलकलाट. मी उंबऱ्यात उभी राहून बघत होते. एवढ्या वर्षांत त्या माझ्यावर आणि मी त्यांच्यावर खूश, असं फक्त त्याच दिवशी घडलं असेल.

आई सगळ्यांच्या मागं होती. "विहीणबाई, हा तुमचा," म्हणून सासूबाईंनी खिडकीच्या कोपऱ्यातला कप काढला. त्यातलं रोप सगळ्यांत थोराड, दोन पानांवर तिसरं पान उघडलेलं. सगळ्यांच्या नजरा आईकडं. आईनं पदर पुढं केला. संध्याकाळच्या एसटीनं ती पैठणला गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाणी आलं. मोटर लावायला सासूबाई खाली गेल्या आणि वर आल्या तेव्हा त्यांच्या हातात तोच कप होता.

"विहीणबाई इसरल्या बघ," त्या म्हणाल्या. "मीटरच्या पेटीखाली व्हता."

माझी आई वस्तू विसरत नाही. लोणच्याची रिकामी बरणीसुद्धा ती आठवणीनं परत नेते. मी आंघोळीला गेले आणि ऑफिसात पोचल्यावर जिन्यात उभं राहून तिला फोन केला. ती आधी इकडचं तिकडचं बोलली. मग म्हणाली, "तुझ्या सासूबाईंबद्दल माझ्या मनात काही नाही गं. सोन्यासारख्या आहेत. पण वाण म्हणून त्यांच्या हातचं, आणि तेही ह्यांच्यासाठी... ह्यांना घरी आणून किती दिवस झालेत? चारजणींत नको म्हणता आलं नाही, आणि घरी न्यायला मन धजलं नाही."

मला तिच्यावर ओरडायचं होतं. ज्यांनी तिचे पाय चेपले, त्यांच्याच हाताला ती घाबरली होती. पण दवाखान्यातल्या बाकावर दोन्ही हातांत मंगळसूत्र धरून बसलेली आई मी बघितली होती. मी फोन ठेवला आणि दिवसभर मान वर करून कुणाकडं बघवलं नाही. आत्तापर्यंत मला सासूबाईंची लाज वाटत आली होती. ही लाज त्यांच्यापुढं उभं राहण्याची होती, आणि ती कुठं ठेवावी ते मला कळत नव्हतं.

घरी सासूबाईंनी एकच धोशा लावला. रोपाला तणावा, वर चढायचा तंतू, फुटला होता, आता ते कपात राहणार नाही, पैठणला जायला पाहिजे. मी म्हटलं, गॅलरीत लावू. "हितं कुठं चढंल ते? अन् त्यांच्यासाठी केलंय." मी म्हटलं, नवऱ्याबरोबर पाठवू. "तो पिशवीत कोंबंल." मी म्हटलं, आई येईल तेव्हा नेईल. त्यावर त्यांनी माझ्याकडं जरा जास्तच वेळ बघितलं आणि म्हणाल्या, "रविवारी जाऊ."

मी आईला फोन करून एवढंच सांगितलं, की आम्ही येतोय. पलीकडून फक्त "बरं" आलं.

एसटीत सासूबाई खिडकीपाशी बसल्या, कप मांडीवर, कपाभोवती पदराचा आडोसा. पुढच्या माणसानं काच उघडली तर त्याच्या खांद्याला टोचून ती लावायला सांगितली. गाडी वळली, ऊन दुसऱ्या बाजूनं आलं, की कप फिरवायच्या. कंडक्टरला मांडवावर दोडका कसा चढवतात ते सांगून झालं. मी रस्त्याकडं बघत होते. दर थांब्याला मनात म्हणत होते, इथंच गाडी बंद पडू दे. आई दारात काय करेल, कसं तोंड करेल, आणि ह्या बाई सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात काय विचारतील, ह्यापलीकडं मला काही सुचत नव्हतं.

बाबा अंगणात खाटेवर ऊन खात बसले होते. लांबूनच ओरडले, "या, या विहीणबाई! आणला का आमचा दोडका?" आई हात पुसत ओट्यावर आली. तिच्या चेहऱ्यावर रात्रभर न झोपल्याची छाया होती.

सासूबाईंनी बाबांना हसून हात जोडले. मग ओट्यापाशी गेल्या, वाकून कप ओट्याच्या कडेला ठेवला आणि दोन पावलं मागं सरल्या.

"घ्या विहीणबाई," त्या म्हणाल्या. आवाज तो, संक्रांतीचा, बारीक. बाबांना ऐकू जाणार नाही एवढा. "हातात देत नाय. खाली ठेवलंय."

"अहो, असं काय..." आई म्हणाली.

"मला कळलं व्हतं. पेटीखाली कुणी इसरतं व्हय?" त्या म्हणाल्या. "नाय, बोलू नका. मला राग नाय. आमचे हे आजारी व्हते तवा माझी धाकटी जाऊ आमच्यातच व्हती. तिचा नवरा आधीच गेलेला. मी तिला ह्यांच्या खोलीत पाय ठेवू दिला नाय. तिनं एकदा ह्यांच्यासाठी पेज केली, तर तिच्यादेखत वतून दिली मी. लई रडली ती." त्या कपाकडं बघत होत्या. "तरी हे गेलेच."

आई ओट्याच्या पायरीवर मटकन बसली. पदर तोंडाला लावला आणि तिचे खांदे हलायला लागले. मी फाटकाला धरून उभी होते. तिकडं बाबा विचारत होते, काय झालं, काय झालं. थोड्या वेळानं आईनं डोळे पुसले, कप उचलला, सासूबाईंपुढं धरला आणि म्हणाली, "चुकले मी. हे तुम्हीच लावा आता. तुमच्याच हातानं लावा."

मला वाटलं, संपलं. फाटक सोडून मी पुढं झाले.

"नाय, नाय," सासूबाई म्हणाल्या. त्यांनी दोन्ही हात झटकन पदराखाली घेतले. "खड्डा मी घेते. लावा तुम्ही."

"अहो, माझ्या मनात आता खरंच काही नाही."

"तुमच्या नसंल. माझ्या हाय की." त्यांनी खाटेकडं एकदा बघितलं. "माणूस आत्ता कुठं उठून बसलंय. उद्या काय झालं तर?"

आईनं पुष्कळ सांगितलं, मीही सांगितलं. दवाखान्यात डॉक्टरांना सुनावणारी, लग्नमंडपात ओरडणारी ती बाई मान हलवत राहिली. मांडवापाशी जाऊन त्यांनी खड्डा घेतला, माती भुसभुशीत केली, खडे वेचले, हात धुतले आणि लांब, पार भिंतीपाशी जाऊन उभ्या राहिल्या. आई खड्ड्याशी बसली. तिनं कप फाडला आणि रोप नेमकं खोडापाशी धरलं. सासूबाई एक पाऊल पुढं आल्या, थबकल्या, पदराखालचे हात त्यांनी छातीशी घट्ट आवळले.

"पान धरा, विहीणबाई," तिथूनच म्हणाल्या. "खोड नाय. पान धरा."

"तुम्ही लांब का उभ्या?" बाबा खाटेवरून म्हणाले. "या की पुढं, दाखवा तिला."

"हितनं नीट दिसतंय मला," सासूबाई म्हणाल्या.